दादांची तोंडपाठ वाट: कार्नाक बंदर ते तवंदी घाट

गेल्या पावसाळ्यात दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री डोळ्यावर पट्टी, झोप नाही आणि कुशीवर वळायची मनाई. मध्यरात्री त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. वाटलं हरिपाठ चाललाय. जवळ जाऊन कान दिला तर, "पळस्पे फाटा. शेडुंग. चौकचा इर्शाळ. टाटाचे पाइप. शिंग्रोबा." दादा उताणे पडून रस्ता म्हणत होते.

माझे वडील 1978 ते 2009 अशी एकतीस वर्षं ट्रकवर होते. लाइन एकच, मुंबई-कोल्हापूर-बेळगाव. जाताना गोदीतला माल, येताना गूळ, साखर, कधी निपाणीची तंबाखू. त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि ते म्हणतील तसं लिहीत गेले. सकाळपर्यंत एकेचाळीस खुणा झाल्या. त्यांत किलोमीटरचा आकडा एकही नव्हता. पाटीही नव्हती. दादा चौथी शिकलेले. पाटी जुळवून वाचता येते त्यांना, पण भरल्या गाडीच्या स्टेअरिंगवरून अक्षरं जुळवायला वेळ कुठला? झाड, वास, वळण, पूल, एखादं हॉटेल असं धरून ते चालायचे. आणि प्रत्येक खुणेला काम असायचं. इथं ब्रेक बघायचा, इथं पाणी भरायचं, इथं फोन करायचा. वहीत मी दोन रकाने पाडले, एक खुणेचा आणि एक कामाचा.

शेवटच्या ओळीत त्यांनी नुसतं "वाशी, पूल, डबा" म्हटलं आणि झोपले. मी लिहिलं, "डबा?" दुसऱ्या दिवशी आईला विचारलं. "त्यांनाच विचार," म्हणाली आणि पिठाच्या डब्यात हात घालून बसली. दादांना विचारलं तर, "वाटेवर कळंल."

म्हणून जानेवारीत चार दिवसांची सुट्टी काढली, गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली आणि दोघं निघालो. आई आली नाही. तिला तो रस्ता बघायची हौस नव्हती.

पहिला दिवस: मुंबई आणि बोरघाट

आमचं घर मानखुर्दला. सरळ वाशीचा पूल धरला असता तर अर्ध्या तासात कळंबोली. पण दादा ऐकेनात. "वाट पहिल्यापासनं म्हणायची. मधूनच सुरू केली तर पुढचं आठवत न्हाई." म्हणून रविवारी पहाटे पाचला उलट्या दिशेनं, पी. डिमेलो रोडनं कार्नाक बंदरला गेलो.

पहिली खूण कार्नाकचा पूल. जुना पूल नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला. त्याच जागी नवा झालाय, जुलै 2025 पासून त्याचं नाव सिंदूर पूल. दादा खाली उतरले, कठड्याला हात लावला आणि चढाकडे बघत उभे राहिले. माझ्या वहीत या खुणेपुढं काम लिहिलं होतं, "माल बघायचा". ते आता उलगडलं. भरलेली गाडी या चढाला घातली की लगेच कळायचं म्हणे. स्टेअरिंग हातात हलकं लागलं, पुढचं तोंड उचलल्यासारखं वाटलं, तर माल मागे गेलाय. मग तसंच पुढं जायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, ताडपत्री सोडायची, हमालांच्या विनवण्या करून माल पुढं सरकवून घ्यायचा. "हितं दोन तास गेले तरी चालतील, पर घाटात जायचं न्हाई तसलं."

चहा प्यायला जिथं बसलो तिथं शेजारच्या बाकावर एक म्हातारे माथाडी होते. पाटण तालुक्यातले. दादा कराडकडचे. दोघांच्या गावांत कोयना आहे एवढ्यावर पाऊण तास गेला. माथाडी कायदा 1969 चा. त्याआधी पाठीवरच्या पोत्याला ना हिशेब होता ना सुट्टी, हे त्या बाबांनी वडिलांकडून ऐकलेलं. दाणाबंदरचा धान्याचा बाजार वाशीला गेला तेव्हा आपणही तिकडं जायचं की इथंच मरायचं, यावर घरात महिनाभर भांडण चालल्याचं त्यांनी सांगितलं. ते इथंच राहिले. निघताना त्यांनी आमच्या गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. ट्रकच्या फाळक्यावर मारतात तशी. दादांनी आपोआप मला म्हटलं, "हां, चल."

तिथून रे रोड, कॉटन ग्रीन, वडाळ्याचं ट्रक टर्मिनस. रविवार असल्यानं गाड्या शेकड्यानं उभ्या होत्या. कुणी टपावर अंथरूण घालून झोपलेलं, कुणी दोन चाकांच्या मध्ये स्टोव्ह पेटवून भात टाकलेला. (कुणाला बोलतं करायचं असेल तर झोपलेल्याला उठवू नका. रात्रभराची गाडी मारून तो माणूस तासाभरासाठी पडलेला असतो. टायरवाल्याकडे किंवा चहाच्या टपरीवर उभं राहा, गप्पा आपण होऊन सुरू होतात.)

सायन-ट्रॉम्बे रोडला लागल्यावर तीन खुणा पाठोपाठ होत्या. पहिली चेंबूरचा आर. के. स्टुडिओ. स्टुडिओ विकला गेला, तिथं आता राहायच्या इमारती आहेत, पण दादांनी मान वळवली ती बरोबर त्या जागेशी. दुसरी माहुलच्या रिफायनरीची ज्योत. रात्री मुंबईत शिरताना ती लांबून दिसायची आणि मग झोप उडायची. तिसरी खूण वासाची होती, देवनारचं डम्पिंग. आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, शाळेत पत्ता सांगायला लाज वाटायची. आणि माझ्या वहीत दादांच्या शब्दांत होतं, "देवनारचा वास आला की घर." एकच वास. मी तो चाळीस वर्षं लपवत आले आणि त्यांना त्याची ओढ.

वाशीच्या पुलावर ते फारसं बोलले नाहीत. पहिला पूल 1973 चा. दादांचे उस्ताद, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते आधी किन्नर (क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस) आणि मग ड्रायव्हर झाले, ते पूल होण्याआधी ठाण्याहून कळवा, मुंब्रा, शीळफाटा करत पनवेलला जायचे. दादांच्या बोलण्यात अजून तो मुंब्र्याचा डोंगर येतो, जरी स्वतः त्यांनी तो रस्ता क्वचितच मारला. उस्तादांची वाट त्यांनी आपल्या वाटेच्या आधी पाठ केली होती.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराशी आम्ही एक बूथ शोधला. पिवळा, एसटीडी-पीसीओ लिहिलेला. अर्थात नव्हता. त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. वहीत काम, "फोन". कुणाला, ते विचारायचं राहून गेलं, कारण पाठीमागून हॉर्न सुरू झाले.

पळस्प्याला गोव्याचा रस्ता सोडला आणि द्रुतगती मार्गावर न चढता जुन्या रस्त्यानं निघालो. या रस्त्याला सरकारनं 48 नंबर देऊन वर्षं झाली, दादांसाठी तो अजून "चार नंबर". चौकच्या अलीकडे डावीकडे इर्शाळगडाचा सुळका वर आला. त्या सुळक्याला नेढं आहे, आरपार भोक. दिवसा इथं पोचलो तर वेळेत आहोत, असा दादांचा हिशेब होता. पायथ्याची इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. दादांनी गाडी थांबवायला लावली, चप्पल काढून रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले. त्यांना त्या वाडीतलं कुणी माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्या डोंगराकडे बघून वेळ ओळखली होती, एवढाच संबंध.

खोपोलीत वडापाव खाल्ला. गरम, लसणाची चटणी भरपूर. इथं पोटभर खाऊन घ्या, घाटात थांबायला धड जागा नाही. बायकांसाठी एक सांगते. जुन्या रस्त्यावर स्वच्छतागृहाची खात्री फक्त मोठ्या पेट्रोल पंपांवर आणि जिथं कुटुंबं बसलेली दिसतात अशा ढाब्यांवर. मी खोपोलीलाच उरकून घेतलं आणि शहाणपणा केला.

गावाच्या मागे डोंगरावरून उतरणारे टाटाचे पाइप. खोपोलीचं वीजघर 1915 चं. ही खूण मला लहानपणापासून माहीत होती, पण काम माहीत नव्हतं. पाइप दिसले की गाडी उभी करायची. रेडिएटरमध्ये पाणी, हवेचा काटा बघायचा, चाकं ठोकायची, ताडपत्रीचा रस्सा ओढून बघायचा. आणि इंजिन गार होईपर्यंत कितीही घाई असली तरी वर बघत बसायचं. "पाइप मोजायचो आम्ही. मोजून झालं की निघायचं."

मग शिंग्रोबा. धनगर शिंग्रोबानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, आणि बक्षीस काय हवं विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं म्हणून त्यांनी त्याला गोळी घातली, अशी गोष्ट सांगतात. जुन्या रस्त्यावरचं त्याचं देऊळ छोटंच आहे. येणारा-जाणारा नाणं टाकतो. आम्ही गाडी नीट बाजूला लावून आत गेलो. तुम्हीही तसंच करा. धावत्या गाडीतून नाणं भिरकावू नका, मागून येणाऱ्याच्या काचेवर बसतं. दादांनी शर्टाच्या खिशातून नाणं काढलं, मुंबईहून वेगळं ठेवलेलं, आणि पायरीवर ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "नाणं टाकायचं तर गाडी हळू घ्यावीच लागती. हळू घेतली की कान उघडत्यात. इंजिन काय म्हणतंय, ब्रेकच्या लायनरचा वास येतोय का, सगळं हितं कळायचं. शिंग्रोबा वाट दावतो म्हंत्यात ते काय खोटं न्हाई."

मी दर्शनाला नेहमी डोळे मिटते. इथं पहिल्यांदाच नाक आणि कान उघडे ठेवून उभी राहिले. खालून एक भरलेला दहाचाकी चढत होता. पहिल्या गिअरमधला तो लांबलचक हुंकार, मध्येच जरा अडखळणारा. दादा म्हणाले, "डिझेलचा फिल्टर बदलायला झालाय त्याचा."

वर अमृतांजन पुलाची जागा. वेदनाशामक बामच्या जाहिरातीची पाटी होती म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं 1830 च्या पुलाला ते नाव दिलं. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा होता तेव्हा, स्फोट लावून तो पाडला. रुंदीला अडचण होती, अपघात व्हायचे, पाडणं बरोबरच होतं, असं दादांचंही मत. पण रात्री डोक्यावरून काळी कमान सरकली की चढ संपला, आता गिअर टाकायचा, हे त्यांच्या पायाला माहीत होतं. आम्ही तिथून जाताना त्यांचा डावा पाय क्लचवर असल्यासारखा खाली गेला. मी शेजारून बघितलं आणि काही बोलले नाही.

मुक्काम तळेगावला. थंडी चांगलीच. दादा आठलाच झोपले.

दुसरा दिवस: खंबाटकी आणि एक वड

देहूरोडहून कात्रजकडे जाणारा बाह्यवळण रस्ता दादांना विशेष आवडत नाही. खुणा नाहीत त्यावर, नुसते उड्डाणपूल. मात्र नवले पुलाच्या उताराबद्दल त्यांनी दहा मिनिटं सुनावलं. साताऱ्याहून येणारे ट्रक नव्या बोगद्यातून सुटले की लांबलचक उतार लागतो. डिझेल वाचवायला काही जण तिथं गाडी न्यूट्रल करतात, इंजिनाचा धाक सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून लागेनासे होतात. तिथं माणसं मेली आहेत. "ज्या गिअरला चढतोस त्याच गिअरला उतर, हे माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं. लिटरभर तेलासाठी मरायचं न्हाई."

खेड शिवापूर, मग सारोळ्याचा नीरेवरचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा, आणि दादांच्या भाषेत "आपला मुलूख". शिरवळ गेलं, खंबाटकी आला. जाताना घाट, येताना बोगदा, अशी आम्ही गेलो तेव्हाची एकेरी सोय. दादांच्या काळात कितीतरी वर्षं बोगदा नव्हता. चढणारे-उतरणारे एकाच घाटात समोरासमोर, आणि वळणावर अडकलं तर किन्नरनं उडी मारून चाकामागं दगड घालायचा. दगड घालताना हात कुठं ठेवायचा हेही शिकवलेलं असायचं. अंगठा वर, बोटं बाजूला. मला त्यांनी हवेत करून दाखवलं.

सुरूर फाट्याला स्ट्रॉबेरी घेतली. जानेवारीत वाईपासून टोपल्या लागलेल्या असतात. वरच्या थरातली मोठी आणि खालची चेंगरलेली असते, टोपली उलटी करून बघायला लाजू नका. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, दादांनी साखरेच्या गोळीचा विषय काढू दिला नाही.

आता त्या दिवसाची खरी गोष्ट.

वहीत विसावी खूण होती, "अतीतचा वड, डावीकडं. काम: झोप." नागठाणे गेल्यावर आम्ही हळू झालो. वड नाही. काशीळ आलं. वळून परत. पुन्हा नाही. दादा म्हणाले, डावीकडंच, रस्त्याला लागून, खाली सात-आठ गाड्या मावायच्या. मी म्हटलं, दादा, चौपदरीकरणात तोडला असेल, कितीतरी वड गेले या रस्त्यावरचे. त्यांना ते पटत नव्हतं. तिसऱ्यांदा वळलो तेव्हा त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बंद झाला. डोळे नवीन आहेत म्हणून दिसत नाही की डोकं जुनं झालं म्हणून, असं त्यांना वाटायला लागलंय हे मला कळत होतं.

उसाच्या रसाच्या गाड्यावर एक आजी बसल्या होत्या. रस घेता घेता विचारलं. त्या हसल्या. "रस्ता सरकलाय बाय. वड हाय तिथंच हाय." आणि हातातल्या चिपाडानं उसाच्या फडाकडे दाखवलं.

फडाच्या पलीकडे जुना रस्ता होता. अरुंद, कडा तुटलेला, डांबर मधेच उरलेलं, गावातली जनावरं आणि सायकली यांच्यापुरता. नव्या रस्त्याला वळण सरळ करायचं होतं म्हणून हा तुकडा बाजूला पडला. आणि त्याच्या डाव्या कडेला वड. पारंब्या जमिनीत गेलेल्या, एक फांदी मोडून वाळलेली. बुंध्याजवळ गेलो तर सालीच्या भेगांत गेरूचा पट्टा होता. बांधकाम खातं झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारायचं ना, तोच. वरचा चुना धुऊन गेलेला, खालचा गेरू खपलीसारखा धरून राहिलेला. त्यावर काळ्या रंगात झाडाचा नंबर होता, त्यातला फक्त 7 वाचता येत होता. दादांनी नखानं तो 7 साफ केला. मग धोतराच्या सोग्यानं चेहरा पुसला, मुळावर बसले आणि म्हणाले, "तासभर पडतो."

खरंच पडले. मी आजींकडे जाऊन बसले. त्यांनी सांगितलं, त्यांची सासू याच वडाखाली ड्रायव्हर लोकांना पिठलं-भाकरी विकायची. पैसे नसले तर पुढच्या फेरीला. वही नव्हती, गाडीच्या रंगावरून उधारी लक्षात ठेवायच्या. दादा उठल्यावर त्यांना सासूबाईंबद्दल विचारलं. "नाकात मोठी नथ, आणि मिरचीचा ठेचा असा की डोळ्यात पाणी. झोप उडवायला त्योच खायचो." आजींनी पदर डोळ्याला लावला. रसाचे पैसे घेतले नाहीत.

जुन्या वाटेच्या खुणा शोधायच्या असतील तर नकाशा बाजूला ठेवा आणि महामार्गाला समांतर जाणारे गावातले रस्ते बघा. बऱ्याच ठिकाणी तोच मूळ रस्ता असतो.

कराडजवळ मळीचा वास सुरू झाला. गळीत हंगाम जोरात होता, दादांनी काच खाली घेतली. पेठ नाक्याच्या आधी एका ढाब्यावर अख्खा मसूर आणि भाकरी जेवलो. त्या पट्ट्यात दुसरं काही मागवू नका. आणि हंगामात कराड ते कोल्हापूर रात्री गाडी चालवू नका. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, पाठीमागे लाल दिवा किंवा चमकती पट्टी नसते, अंधारात एकदम समोर ऊस उभा राहतो. आम्ही सहाच्या आत कोल्हापूर गाठलं. खूण सोपी, तावडे हॉटेल. शहरात कुणालाही विचारा, महामार्गावरून आत शिरायची जागा म्हणजे तावडे हॉटेल, सगळं कोल्हापूर तसंच सांगतं.

तिसरा दिवस: शिरोली, कागल, तवंदी

सकाळी मिसळ. मग शिरोलीला दादांच्या जुन्या किन्नरकाकांचं टायरचं दुकान. दुकानाची पाटी म्हणजे बांबूला टांगलेला एक टायर, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं "हवा". काका आता साठीचे, पण दादांना बघून उठले ते वाकूनच. "उस्ताद." दादांनी पाठीवर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "हवा किती ठिवतूस दहाचाकीत?"

तिथं मी चाक ठोकायला शिकले. हातभर लोखंडी गज घ्यायचा आणि टायरच्या माथ्यावर मारायचा. भरलेलं चाक गज परत फेकतं, आवाज टणक, छोटा. हवा कमी असेल तर गज जरा बसतो, आवाज ढब्ब. जोडचाकातलं आतलं चाक डोळ्यानं दिसत नाही म्हणून हे ठोकणं. काकांनी चार चाकं मुद्दाम वेगवेगळ्या हवेची लावली आणि मला ओळखायला लावलं. तीन ओळखली. चौथ्याला दादांनी माझ्या हातातला गज सैल धरायला सांगितला. "घट्ट धरलास तर चाक बोलत न्हाई." सैल धरला आणि ऐकू आलं.

काकांनी 2019 चा ऑगस्ट सांगितला. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. पुण्याच्या बाजूला ट्रकांची रांग नजर पोचेल तिथवर. आसपासच्या गावांतली माणसं टोपल्यांतून भाकरी-आमटी घेऊन गाडीगाडीला फिरली. तमिळनाडूचे, राजस्थानचे ड्रायव्हर, भाषा कळत नाही, तरी जेवण पोचलं. काकांच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं आणि ते स्वतः रांगेत भाकरी वाटत होते. भिंतीवर पाण्याची रेघ त्यांनी अजून ठेवलीय, खडूनं गिरवून. काही ड्रायव्हर आता मुद्दाम इथंच हवा भरतात. काकांचं दुकान त्यांच्या वाटेवरची खूण झालंय, हे ऐकून दादा कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

कागल, दूधगंगेचा पूल, कर्नाटक. निपाणीच्या पुढं तवंदी घाट. पाट्या कानडी झाल्या. दादा पहिल्यांदा इथं आले तेव्हा विशीतले, पाट्या बघून घाबरले होते. उस्ताद म्हणाले, "मराठी पाट्या कुठं वाचत हुतास? रस्त्याला भाषा नसती." घाटाच्या माथ्यावर थांबलो. वारं जोरात, खाली निपाणीचे पत्रे चमकत होते. वहीत सदतिसावी खूण, "तवंदीचं वारं. काम: रस्सा बघ." वाऱ्यानं ताडपत्री फडफडायची म्हणून. मी गाडीच्या डिकीचं झाकण नीट लागलंय का बघून आले. दादांना ते फार आवडलं.

तिथून मागे फिरलो. मुक्काम गावी. चुलतभावांकडे हुरडा, दही, आणि दादांच्या गप्पा बारापर्यंत.

चौथा दिवस: घरी

परतीचा प्रवास सरळ झाला. खंबाटकीचा बोगदा सुटल्यावर पुढं एसच्या आकाराचं वळण आहे, तिथं वेग आधीच कमी करा, वळणात शिरल्यावर नाही. बोरघाट मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. दादा डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. ब्रेकवर पाय जास्त वेळ राहिला की एक डोळा उघडायचा.

कळंबोलीला त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्या कव्हरांच्या दुकानापाशी. "तुझा फोन दे." आईला लावून दिला. दादा फक्त एवढंच म्हणाले, "कळंबोली," आणि फोन परत माझ्या हातात दिला. पलीकडून आईचं "बरं" मला ऐकू आलं.

वाशीचा पूल चढलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. खाडीवर ऊन तिरपं. टोलनाक्यावर न थांबता सुटलो. ऑक्टोबर 2024 पासून लहान गाड्यांना मुंबईच्या पाचही नाक्यांवर टोल नाही. पूल उतरलो आणि दादांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. कागद काढायला जातो तसा.

"हितं रांग असायची," ते म्हणाले.

जकातीची रांग. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. एक जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. त्याआधी मानखुर्दच्या या नाक्यावर ट्रक तासन् तास उभे असायचे. बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, तपासायची, माल बघायचा, पावती फाडायची. घर दीड किलोमीटरवर, आणि गाडी सोडून जाता येत नाही. दादा कळंबोलीच्या बूथवरून आमच्या चाळीखालच्या किराणा दुकानात फोन करायचे. दुकानदार वर तोंड करून ओरडायचा, "कळंबोली!" आई चूल पेटवायची.

आणि मला आठवलं. मी पाच-सहा वर्षांची. रात्रीची वेळ, आईच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा. ट्रकांच्या रांगेतून आम्ही चाललोय, दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर फिरलेली चाकं. आई प्रत्येक गाडीचं तोंड बघत पुढं जातेय. मग वरून एक हात खाली येतो आणि मला उचलून केबिनमध्ये घेतो. डिझेलचा, गुळाचा वास. आईनं डबा उघडलेला, ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. दादा जेवायचे आणि मी त्यांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायची. रांग सरकली की आई आणि मी उतरून घरी. कितीतरी वर्षं वडिलांना मी जास्त करून इथंच भेटले.

मी इंडिकेटर दिला, डावीकडे घ्यायला बघितलं. मागून बस, बाजूनं रिक्षा, कडेला कठडा.

"हितं थांबायला जागा न्हाई आता," दादा म्हणाले. "चल घरी. तिनं भाकरी टाकल्या असतील, गार हुतील."